भिंतीवरची कपाटं आणि दादाचा कापूस

माझ्या हातात पेचकस दिसला की आमच्या घरातल्या बायका अजूनही भांडी आवरायला लागतात. पूर्वी मला राग यायचा. आता येत नाही, कारण त्यांचं बरोबर आहे.

मी तेव्हा बाभुळगावला हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. तरफ, कप्पी, गुरुत्वमध्य हे माझे आवडते धडे. फळ्यावर खडूनं मी केवढाली ओझी उचलली आहेत आणि किती अलगद खाली ठेवली आहेत, ते माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. प्रत्यक्षात सायकलची साखळी पडली तरी मी सायकल हातात धरून चालत घरी यायचो, आणि वाटेत कुणी विचारलंच तर जरा पाय मोकळे करतोय म्हणायचो.

आमच्या स्वयंपाकघराचं झालं असं, की नागपूरला साडूच्या नव्या घरी मी भिंतीवरची कपाटं पाहिली. ओट्याखाली चकचकीत ट्रॉल्या, आणि वर छताला टेकलेली कपाटांची अख्खी रांग. साडूनं प्रत्येक दार उघडून दाखवलं आणि प्रत्येक दार लावताना माझ्या तोंडाकडं पाहिलं. परतीच्या बसमध्येच माझं ठरलं. दिवस बरे होते. गावातल्या सुतारानं महिनाभर ठोकाठोक केली आणि साडूपेक्षा एक कपाट जास्त बसवून दिलं. ते जास्तीचं कपाट कशासाठी, असं त्यानं विचारलं होतं. मी त्याला चहा घे म्हटलं.

बायको माझ्या खांद्याला येते, तीही अंबाड्यासकट. काम चालू असतानाच ती म्हणाली होती, "इतल्या उचावर ठेवन कोन अन् काढन कोन?"

"होते सवय," मी म्हटलं.

पाहुणा आला की मी त्याला पाण्याच्या आधी स्वयंपाकघर दाखवायचो. बायकोला सवय झाली ती एवढीच, की सगळ्यात खालचा खण तिचा आणि बाकीचे हवेचे. वर्षाचं सामान, सणासुदीची भांडी, असं काही असलं की ते मीच उंच म्हणून वर ठेवायचो, आणि कुठं ठेवलं ते विसरून जायचो. पुढं जे घडलं त्यात या विसरण्याचा मोठा वाटा आहे.

एका दिवाळीत चकलीचा सोऱ्या सापडेना. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. 'आलोच' म्हणालो आणि आलो नाही. ती स्टुलावर चढली. स्टूल कलंडलं, तिनं पडताना उजवा हात खाली टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घातल्यावर तिचा थोरला भाऊ येऊन तिला उमरखेडला माहेरी घेऊन गेला. उजवा हात गळ्यात अडकवलेली बाई माझ्या स्वयंपाकावर किती दिवस काढेल, असा त्याचा साधा विचार होता, आणि मला त्यात खोडून काढण्यासारखं काही सापडलं नाही.

प्लास्टर निघालं. हाड जुळलं होतं, पण बोटं आखडली होती. डॉक्टरनं तिला रबरी चेंडू दिला, गरम पाण्यात हात धरायला सांगितलं आणि म्हणाला, मूठ वळली पाहिजे. मूठ वळली की बाकी सगळं आपोआप येतं, पण ती तुमची तुम्हालाच वळावी लागेल. तिनं काही दिवस चेंडू दाबला. दुखायचं. मग एकदा तिच्या भावाचा फोन आला. तो आवाज खाली करून म्हणाला, "जवाईबुवा, बाई हात पदरातच ठेवून राह्यली. चेंडू माह्या पोरीले देऊन टाकला खेळाले."

मी उमरखेडला गेलो. ती माझ्याशी नीट बोलली, चहाही स्वतः आणून दिला, डाव्या हातानं. चल म्हटलं तर मात्र माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या कपाटायच्या खाली मी उभी नाही राह्यत. भिंत कोरी करा, मंग येईन."

कपाटांचा तिला धसका होता हे खरंच. पण तेवढंच नव्हतं, एवढं मलाही कळलं. आमच्याकडं दोन वेळा ज्वारीची भाकर, आणि भाकर थापायला दोन्ही तळवे लागतात. आल्या आल्या शेजारच्या बायका हात बघायला येणार, 'थापता येते का वं?' विचारणार, आणि तिला नाही म्हणावं लागणार. ते तिला नको होतं. पण हे तिला बोलता येत नव्हतं, कपाटांचं बोलता येत होतं. मला ती घरी हवी होती. सरळ सांगतो, मला तिच्याशिवाय करमत नव्हतं, आणि ती अशीच माहेरी पदरात हात घालून बसली तर तो हात कायमचा तसाच राहील याची मला भीती वाटत होती. हे तिला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "कपाटं ना? मीच काढतो."

ती पहिल्यांदा हसली. मला वाटलं, आनंदानं.

खरं तर ते काम सुताराचं. पण ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं, आणि कशासाठी यायचं ते सगळ्यांना माहीत आहे. पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून, आजारी माणसाची चौकशी करावी तशा आवाजात, 'तुमच्याकडं ठीक ना?' विचारायचे. गावात नवं घर कुणी बांधत नव्हतं, जुन्याला कुणी रंग देत नव्हतं. आमची कपाटं बसवणारा सुतार कधीच पुण्याला निघून गेला होता. दुसरा होता तो यवतमाळहून यायचा आणि 'येतो' म्हणण्यात माझ्यापेक्षा तरबेज होता. शिवाय मी स्टाफरूममध्ये सांगून बसलो होतो, की चार स्क्रू काढायला माणूस कशाला लागतो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आता दादाच्या कापसाचं सांगायला हवं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गावाकडं शेती बघायचा. भाव पडलेला असला की कापूस विकायचा नाही, घरात भरून ठेवायचा आणि भाव चढायची वाट बघायची, ही आमच्याकडची जुनीच खोड. त्या वर्षी दादाचं घर माळ्यापर्यंत भरलं, तेव्हा उरलेला कापूस तो बैलबंडीतून माझ्याकडं घेऊन आला.

"तुह्या इथं आता कोन हाय बसाले-उठाले?" असं म्हणून त्यानं माझी बाहेरची खोली खिडकीपर्यंत भरली. जाताना बजावलं, "पाणी लागू देऊ नको. काडी ओढू नको. अन् कचरा पडू देऊ नको त्याच्यात, घेनारा डोये फाडून पाह्यते."

कापसाबरोबर राहणं ज्यांनी केलं नाही त्यांना ते मऊ वाटतं. अंगाला खाज सुटते, नाक वाहतं, खोली आतून गरम राहते आणि चहात धागे सापडतात. मी माझी गादी घेऊन आतल्या खोलीत गेलो आणि पांढऱ्या ढिगाच्या कडेकडेनं घरात ये-जा करायला शिकलो.

मग एका रविवारी सकाळी मी शाळेतून हातोडी, छन्नी आणि सायकलच्या दुकानातून पेचकस आणला. समोरच्या घरात एक रिटायर्ड कंडक्टर राहायचे. ते दिवसभर आपल्या पायरीवर बसून रस्त्यावरची माणसं मोजत असावेत, कारण त्यांना सगळ्यांचं जाणंयेणं पाठ असायचं. माझ्या हातातली हत्यारं बघून ते म्हणाले, "सर, एकटेच?"

"चार स्क्रू तर हायेत," मी म्हटलं.

सुरुवात ट्रॉल्यांपासून केली, कारण त्या खाली होत्या. पहिली ट्रॉली ओढली तर अर्धी येऊन थांबली. पुन्हा ओढली, तिथंच थांबली. मी ओट्याला पाय लावून, तरफेचं तत्त्व आठवत, जीव खाऊन ओढली. ती जराशी उचलली गेली, आणि मग कसलाही विरोध न करता सगळीच्या सगळी बाहेर आली. मी जमिनीवर बसलो, मांडीवर ट्रॉली, आणि चमचे, झारे, उलथनी असा सगळा आहेर पदरात. उचलून ओढायची असते, हा शोध मला लागला होता. बाकीच्या ट्रॉल्या मी इतक्या झटपट काढल्या, की मला स्वतःविषयी आदर वाटायला लागला. पुढचा सगळा घोटाळा त्या आदरातून झाला.

वरच्या कपाटांची दारं काढली. आतलं दिसेल ते सगळं सामान खाली घेतलं. सगळ्यात वरच्या खणात काय आहे ते स्टुलावर उभं राहूनही दिसत नव्हतं. तिथं काही नसणार, असं मी ठरवलं, कारण तिथं हात पोचणारा घरात मी एकटाच होतो आणि मी काही ठेवल्याचं मला आठवत नव्हतं.

मग मला विचार आला, कपाट हातातून सुटून ओट्यावर आदळलं तर ओट्याची फरशी फुटेल. खाली मऊ काहीतरी हवं. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. कापसाच्या जिल्ह्यात राहून माणसाला एवढं सुचू नये? बाहेरच्या खोलीतून मी गाठोडी बांधून बांधून कापूस आणला. ओट्यावर पसरला, खाली जमिनीवर गुडघाभर पसरला, कोपरे दाबून नीट केले. लग्नातल्या बिछायतीसारखं स्वयंपाकघर दिसायला लागलं. मी मागं सरून दोन मिनिटं नुसतं बघत उभा राहिलो.

पहिल्या कपाटाचे भिंतीतले स्क्रू काढले. दोन निघाले, बाकीच्यांच्या खाचा पेचकस फिरून फिरून गुळगुळीत झाल्या, ते छन्नीनं उपटले, त्यांच्याबरोबर भिंतीचे पोपडेही आले. सगळे निघाले, तरी कपाट जागचं हललं नाही. सुतारानं सगळी कपाटं आतून एकमेकांना जोडून ठेवली आहेत आणि पहिलं दुसऱ्याच्या आधारानं उभं आहे, ही गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. मी शास्त्रीय निष्कर्ष काढला, की कपाट या स्क्रूंवर नव्हतंच, हे शोभेला मारलेले आहेत. मग खरं कशावर आहे ते बघावं म्हणून दुसऱ्याचे काढले. तेही हललं नाही. तिसऱ्याचे काढले. माझ्या निष्कर्षाला दर कपाटागणिक पुरावा मिळत होता. शेवटच्या कपाटाचे स्क्रू काढल्यावरही रांग भिंतीला तशीच चिकटून राहिली. सुतारानं छताच्या कडेला सिमेंट लिंपलं होतं, त्याच्यावर.

मी घामाघूम होऊन दाराशी आलो. कंडक्टर पायरीवरच होते.

"निघाले का सर?"

"स्क्रू निघाले," मी म्हटलं, "पण कपाटं भिंत सोडत नाहीत. असं आहे, की प्रत्येक वस्तूचा एक गुरुत्वमध्य असतो..."

तेवढ्यात मागं आवाज झाला. आवाज असा फार नाहीच. एखाद्या जाड माणसानं पलंगावर बसून सुस्कारा सोडावा, तेवढाच. मी वळलो. ओट्याची फरशी शाबूत होती. एकही कपाट फुटलं नव्हतं. माझा कापसाचा हिशेब अगदी चोख निघाला, आणि तो निघालेला पाहायला साक्षीदारही होता. मी कंडक्टरांकडं अशा नजरेनं बघितलं, की ते उठून उभे राहिले.

ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या मागून स्वयंपाकघराच्या दारातून एक पिवळा ढग बाहेर येत होता. त्याच्या पाठोपाठ लाल.

वर्षाची हळद आणि वर्षाचं तिखट. उन्हाळ्यात दळून आणलेले दोन मोठे डबे मीच कोपऱ्यातल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवले होते, नीट आत सरकवून, पडू नयेत म्हणून.

त्यानंतरचा काही वेळ मला नीट सांगता येत नाही, कारण डोळे उघडत नव्हते. मी शिंकत आत गेलो, खोकत बाहेर आलो, पुन्हा आत गेलो. पंखा लावला तर हवा मोकळी होईल, हे मला तेव्हा सुचलं. पंख्यानं उरलेला कापूस उडवला आणि उरलेलं तिखट त्याच्यावर सारखं पसरवलं. कंडक्टर तोंडावर रुमाल धरून दारात आले आणि विचारलं, "सर, हाय ना तुमी?" मी होतो. नखशिखांत पिवळा होतो, हळद लागलेल्या नवरदेवासारखा. त्यांनी मला बादलीभर पाण्यापाशी बसवलं, आणि मग कुठंतरी निघून गेले.

ते बसस्टँडवर गेले होते. फोन त्यांच्या घरी होता, माझ्याही घरी होता. पण जन्मभर एसटीत निरोप पोचवलेल्या माणसाचा फोनवर विश्वास बसत नाही. त्यांनी यवतमाळच्या बसच्या कंडक्टरला सांगितलं, की सरांच्या घरी कपाट पडलं, उमरखेडला त्यांच्या घरच्यांना कळवा. यवतमाळच्या स्टँडवर निरोप दुसऱ्या गाडीत चढला, आर्णी-महागाव करत पुढं गेला, आणि उमरखेडला उतरेपर्यंत सरांच्या अंगावर घर पडलेलं होतं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी दादाला फोन केला. काय झालं ते सांगायची हिंमत झाली नाही, फक्त 'जरा येऊन जा' म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आणि वहिनी आले. दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. पांढरा, पिवळा, लाल असा कापूस, त्यात पालथी पडलेली कपाटं, आणि मधे मी. मी सगळं समजावून सांगितलं, ओट्याची फरशी, खाली मऊ पाहिजे, वगैरे.

दादानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अबे, गादी नव्हती का घरात?"

गादी होती. दोन होत्या. एकीवर मी आदल्या रात्री झोपलो होतो.

"बह्याड हाय तू," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. वाकून त्यानं एक मूठभर कापूस उचलला, फुंकला, बोटांनी हळद झाडून बघितली. ती झडत नव्हती. तो कापूस हातात धरून दादा उंबऱ्यावर बसून राहिला. तोवर मी स्वतःवर मनातल्या मनात थोडा हसतही होतो, ही गोष्ट पुढं कशी रंगवून सांगता येईल हेसुद्धा जुळवत होतो. दादा बसलेला पाहून ते सगळं गेलं. त्या वर्षी त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं, आणि ते त्यानं माझ्या भरवशावर ठेवलं होतं.

वहिनीनं पदर कमरेला खोचला. "बसून काय होते?" ती म्हणाली. "वावरात वेचला, आता घरात वेचू. पांढरा एकीकडं, रंगाचा एकीकडं. भाऊजी, तुमी फक्त हात लावू नका."

वहिनी एका कोपऱ्यातून वेचायला लागली तेवढ्यात बायको आली. पहिल्या गाडीनं निघाली होती. स्टँडपासून धावत आली असावी, अंबाडा सुटला होता, चपलेचा एक अंगठा तुटला होता. मला दारात उभा बघून ती थांबली. मग जवळ येऊन डाव्या हातानं माझं डोकं चाचपलं, खांदे, दंड, कान.

"कोठी लागलं?"

"कोठीच नाही."

"अंगावर घर पडलं म्हने."

"कपाट पडलं," मी म्हटलं. "अन् अंगावर नाही, कापसावर."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग आत जाऊन भिंतीकडं बघितलं. भिंतीला छन्नीनं केलेली खिंडारं होती, छतापासून सिमेंट लोंबत होतं. तिचे डोळे भरून आले होते, ते तिखटानं की कशानं ते मला कळलं नाही. "मी कोरी भिंत मनली होती," ती म्हणाली. "हे चाळनी हाय." आणि मग, उमरखेडपासून साठवून आणलेलं सगळं तिनं मला ऐकवलं. ते इथं लिहीत नाही. दादा उठून बाहेर गेला एवढं सांगतो.

बोलून संपल्यावर तिला आपला हात आठवला असावा. उजवा हात तिनं पदराखाली घेतला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. वहिनीनं ते पाहिलं. हाताचं एका शब्दानं न विचारता ती म्हणाली, "बरं झालं आली. दुसरी वेचनी हाय, सीतादही कर पयले."

आमच्याकडं कापसाची वेचणी सुरू करताना बायका वावरात दहीभात शिंपडतात, शेत दह्यासारखं पांढरं राहो म्हणून. त्याला सीतादही म्हणतात. स्वयंपाकघरातल्या फरशीवर ते कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. वहिनी थट्टा करते आहे असं मला वाटलं, पण तिचं तोंड गंभीर होतं. दही कंडक्टरांच्या घरून आलं. बायकोनं वाटी खाली ठेवून डाव्या हाताची बोटं बुडवली.

"डाव्यानं नाही," वहिनी म्हणाली. "देवाचं उजव्यानं."

बायकोनं डावी बोटं वाटीच्या कडेला निपटली. मग तिनं पदरातून उजवा हात काढला. महिन्या-दीड महिन्यानं मी तो हात पाहत होतो. बारीक झाला होता, बोटं अर्धवट वाकून थांबलेली. तिनं दही उचललं, ते बोटांच्या फटींतून वाटेतच गळलं. तिनं वहिनीकडं बघितलं.

"पडलं ना खाली," वहिनी म्हणाली. "झालं मंग."

आणि दोघी वेचायला बसल्या. मला ओट्यापासून लांब, चहाच्या कामावर नेमलं होतं, तेही वहिनी मधूनमधून येऊन बघून जायची. बायको डाव्या हातानं वेचत होती. माझी बायको माहेरी लहानपणी वेचणीला जायची आणि सगळ्यांच्या पुढं असायची, हे तिनं मला लग्नापासून ऐकवलेलं आहे. चांगली वेचणारी दोन्ही हातांनी वेचते, एका हाताच्या बाईला तास, म्हणजे पऱ्हाटीची ओळ, सुटत नाही, हेही तिचंच म्हणणं. वहिनीचे दोन्ही हात सरसर चालले होते. तिचा पांढरा ढीग वाढत होता, बायकोचा नाही. बायको ते तिरप्या डोळ्यांनी बघत होती. मग तिनं उजव्या हाताखाली कापसाचा लोंबा दाबून धरला, डाव्यानं रंगाचं तोडायला लागली. मग उजव्याचा अंगठा आणि एक बोट. मग वहिनीशी काही बोलता बोलता, विसरून, आणखी एक बोट.

मी दारात कपबशी घेऊन उभा होतो आणि गप्प होतो. माझ्यासारख्या मास्तराला गप्प राहणं किती जड जातं, ते मास्तरांनाच कळेल.

कापूस निवडायला आठवडा लागला. दादा-वहिनी येऊन जाऊन होते. चहात धागे होते, भाकरीत तिखट होतं, घरात सगळे शिंकत होते. बायको रोज रात्री हात गरम पाण्यात धरायची आणि दुखतो म्हणून मला शिव्या द्यायची, आणि सकाळी पुन्हा बसायची. पांढरा कापूस दादानं नेला. भाव चढलाच नव्हता, चढणारही नव्हता, तो त्याला मिळेल त्या भावानं गेला. रंगाचा कापूस बघून दादा म्हणाला, "राहू दे. उश्या भर. पुढच्या खेपेले कामी येतीन." त्यानंतर तो हसला, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघर रिकामं झालं. कपाटं मागच्या अंगणात टेकवून ठेवली होती, खाली फक्त ओटा, वर चाळणी झालेली भिंत. वहिनी चूळ भरत होती, बायको झाडून उठत होती. एवढं सगळं पार पडलेलं पाहून मला बरं वाटलं. मी कमरेवर हात ठेवून भिंतीकडं बघितलं, आणि माझ्या तोंडून गेलं, "आता इथं तुह्या हाताला पुरन अशी एक फळी पाह्यजे. सुतार कायले? मीच ठोकतो."

पाठीत बुक्की बसली. चांगली बसली, बरगड्यांपर्यंत.

मी वळलो. बायको स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होती. बोटं तळव्यात मिटली होती, अंगठा वरून बसला होता. ती मूठ उघडायचं तिला सुचत नव्हतं, आणि वहिनी तोंडात पाणी तसंच धरून उभी होती.

मी पुन्हा भिंतीकडं तोंड केलं आणि पाठ तिच्यापुढं धरली.